नांदतीय का रं?

माझ्या भावाच्या पोटात माझी किडनी बसवली, तेव्हापासून आमच्या घरात एक प्रश्न रोज विचारला जायचा, आणि तोही ओरडून. तो मागच्या अंगणातल्या संडासात गेला की मी चुलीपुढून हाक मारायची, "नांदतीय का रं?" आणि तिकडून तो तितक्याच जोरात ओरडायचा, "नांदतीय गं ताय, झकास नांदतीय!" शेजारपाजारचे हसायचे. हसोत बापडे. ज्याला कितीतरी महिने धड लघवी झाली नाही, ज्याला पाणी वाटीनं मोजून प्यावं लागलं, त्याच्या घरात या उत्तराची किंमत काय असते ते त्यांना कुठून कळणार?

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांची. आम्ही दोघं बहीणभाऊ कर्जतला लागून असलेल्या दहिवलीत राहायचो. आईवडील आमच्या लहानपणीच गेले आणि मामीनं पळसदरीच्या तिच्या घरात आम्हाला वाढवलं. मी शिकून शाळेत शिक्षिका झाले. धाकटा भाऊ शिक्षणाच्या वाटेला फारसा गेला नाही, पण इंजिनाच्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखायचा, त्यामुळे चौकला हायवेवरच्या गॅरेजात मेकॅनिक म्हणून लागला. त्याच्या दोन्ही किडन्या ऐन पंचविशीत गेल्या. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, जवळच्या रक्ताच्या माणसानं एक दिली तर हा वाचेल. रक्ताचं माणूस म्हणजे मी एकटीच. तपासण्या झाल्या, जुळलं, आणि मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांना विचारलं, उद्याच काढता का?

माझं तेव्हा एका ठिकाणी लग्न ठरलं होतं. किडनीचं कळल्यावर त्या मंडळींनी निरोप पाठवला की अर्धवट मुलगी आम्ही करून घेत नाही. मी उलट निरोप धाडला, दोन्ही हव्या असतील तर खाटकाकडं मिळतात. स्थळ मोडलं. मामीनं कपाळावर हात मारला. ते मोडलेलं लग्न भावानं मनात कुठं ठेवून दिलंय हे मला फार नंतर कळलं.

नांदण्याचा तो शब्द मामीचा. ऑपरेशनच्या आधी ती डॉक्टरांपुढं पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "सायब, पोरीची चीज पोराच्या अंगात नांदंल ना?" डॉक्टर आधी हसले आणि मग त्यांना तो शब्द इतका आवडला की पुढचं सगळं त्यांनी त्याच भाषेत समजावलं. म्हणाले, "ही नवी सून आहे असं समजा. सासरच्यांना ती परकी वाटते, ते तिला घराबाहेर काढायला बघतात. म्हणून आम्ही गोळ्या देतो. गोळ्यांनी सासरचे गुंगीत राहतात आणि सून सुखानं नांदते. पण घरात सगळेच गुंगीत असले की राखणीला कोण उरतं? चोर आला तर उघडं रान. म्हणून याला आजारी माणसापासून लांब ठेवायचं. गोळी मात्र एक दिवस चुकवायची नाही." मग त्यांनी विचारलं, "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?" मामीनं ताबडतोब मान डोलावली, "बाया येऊन गेल्यात याच्याकडं." डॉक्टरांचं समाधान झालं, आमचंही झालं.

इथं हा शब्द नीट सांगितला पाहिजे, कारण सगळं रामायण त्याच्यामुळं घडलं. आमच्याकडं कांजिण्यांचं नाव घरात घेत नसत. बाया आल्यात, एवढंच म्हणायचं. आईसाहेब पाहुण्या आल्यात, तर त्यांचा मान ठेवायचा. दाराला लिंबाचा डहाळा लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही, कुणावर आवाज चढवायचा नाही, आणि मुख्य म्हणजे आल्यागेल्याला 'येऊ नका' म्हणायचं नाही, कारण ते बायांना लागतं. मग जाताना दहीभात देऊन त्यांची पाठवणी करायची. आणि ज्या शेतमजुरी करायला येतात त्याही बायाच. दोन्ही शब्द एकच, आणि आम्हाला कधी अडचण आली नव्हती.

ऑपरेशन उत्तम झालं. माझ्या बरगडीखाली हा एवढा लांब व्रण राहिला आणि त्याला आयुष्य मिळालं. घरी आल्यावर तो पहिल्यांदा तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि तोंड पुसत त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मला माझ्या दुखण्याचा विसर पडला. पुढं काही महिने आम्ही दोघंही वेड्यासारखे खुशीत होतो. गॅरेजवाल्या शेटनं त्याला बसल्या कामावर घेतलं. येणाऱ्या जाणाऱ्या ड्रायव्हरला तो शर्ट वर करून टाके दाखवायचा आणि सांगायचा, "जेन्युइन पार्ट हाय, बहिणीच्या गाडीचा."

मग माघ आला. मामीच्या शेतात वाल भरला. वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या भागात माणसं जागेवर राहत नाहीत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यात मीठ लावलेल्या शेंगा, वांगी, बटाटे भरायचे, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. ही आमची पोपटी. आजारपणात डाळ बंद, मीठ बंद, बटाटा बंद, त्यामुळे भावानं तिचा नुसता वास घेतला होता. यंदा डॉक्टरांनी बेतानं खायला परवानगी दिली होती. तेव्हापासून तो रोज विचारत होता, मामीकडं शेंगा तोडायला बाया कधी येणार?

एके दिवशी मी शाळेत असताना पळसदरीचा दूधवाला आमच्या दारात आला आणि भावाला मामीचा निरोप सांगून गेला, "मामीनं सांगितलंय, घरी बाया आल्यात." मामीच्या मते तिनं अगदी नीट सांगितलं होतं. तिच्या नातीला कांजिण्या आल्या होत्या, भाच्याला लांब राहा म्हणून कळवायचं होतं, पण नाव घ्यायचं नाही आणि येऊ नका म्हणायचं नाही. शहाण्याला शब्दाचा मार. आमचा शहाणा मात्र उड्या मारत उठला, सायकल काढली आणि शेंगा खायला निघाला.

पुढच्या दारानं गेला असता तर लिंबाचा डहाळा दिसला असता. पण पोपटी मागच्या शेतात लागते, म्हणून स्वारी बांधावरून मागच्या दारानं थेट पडवीत शिरली. मामीची नात त्याची फार लाडकी. तिला कुणी थांबवायच्या आत ती धावत आली आणि त्याच्या गळ्यात पडली. मामी चुलीपुढून उठून आली आणि तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. पण आवाज चढवायचा नाही, पोरीला ओढायचं नाही. ती एवढंच म्हणाली, "आरं राजा, निरोप नाय मिळाला व्हय?"

मी शाळेतून आले तर हा अंगणात सायकल पुसत बसलेला. म्हणाला, "ताय, गंमत झाली. मला वाटलं त्या बाया, तर त्या ह्या बाया निघाल्या." मी पिशवी तिथंच टाकली आणि जे तोंड सोडलं, ते दहिवलीच्या वेशीपर्यंत ऐकू गेलं असेल. किडनी माझी, पोट माझ्या भावाचं, आणि अक्कल कुणाची गहाण पडली होती? तो शांतपणे म्हणाला, "मला येऊन गेल्यात ना पोरपनी. परत नाय येत त्या." हेही खरं होतं. कांजिण्या माणसाला एकदाच होतात, हे मी शाळेत शिकवत होते. माझा राग उतरला आणि मी चहा टाकला.

दोन आठवडे उलटले आणि त्याला ताप भरला. पाठीवर दोन फोड दिसले, मग छातीवर, मग सगळ्या अंगावर. मी धावत पळसदरीला गेले. मामीनं माझं सगळं ऐकून घेतलं. मला तिनं हळू आवाजात सांगितलं की लहानपणी याला आल्या होत्या त्या बाया बारीक पुरळाच्या. म्हणजे गोवर. आमच्याकडं अंगावर उठणाऱ्या सगळ्यालाच बाया म्हणत, त्यात मोठी आणि धाकटी कोण हे कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला धाप लागली. बोलता बोलता शब्द अर्धा राहायचा आणि तो ओठ मिटून नाकानं हवा ओढायचा. मी चौकला निरोप धाडला. गॅरेजचे शेट काम टाकून स्वतःची अॅम्बॅसेडर घेऊन आले. मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर, खिडक्या उघड्या, शेट हॉर्न वाजवत पनवेलच्या दिशेनं गाडी पिटाळतायत. तेवढ्यात मांडीवरचं डोकं हललं. "शेट," धापा टाकत तो म्हणाला, "तिसरा... मिस मारतोय." शेट रडायलाच लागले. म्हणाले, "तू बरा हो रं बाबा, मग तूच बघ तो सिलेंडर."

हॉस्पिटलात तेच डॉक्टर होते. त्यांनी छातीचा फोटो काढला आणि मला उजेडापुढं धरून दाखवला. दोन्ही फुप्फुसं पांढऱ्या ठिपक्यांनी भरली होती. म्हणाले, "हा न्यूमोनिया कांजिण्यांचाच आहे. विषाणू फुप्फुसात उतरलाय. नेहमीच्या न्यूमोनियाची इंजेक्शनं यावर चालत नाहीत. एक नवं औषध निघालंय, पण आपल्याकडं ते सहज मिळत नाही. मागवायचा प्रयत्न करतोय, पण त्याच्या भरवशावर थांबता येणार नाही."

"मग काय करायचं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सासरच्यांना जागं करायचं. गुंगीची एक गोळी तशीच ठेवावी लागेल, ती एकदम तोडता येत नाही. पण दुसरी, ती पिवळी, आजपासून बंद. घर जागं झालं की ते चोराला हाकलेल."

"आणि सुनेला?"

"तिलाही हाकलू शकेल," डॉक्टर म्हणाले. "मी खोटं सांगत नाही. बंद केली तर किडनी जाऊ शकते. नाही केली तर तो जाईल."

माझ्या दृष्टीनं यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मी म्हटलं, आत्ता बंद करा. पण भाऊ सज्ञान होता, शुद्धीत होता, त्याला सांगायला हवं होतं. डॉक्टरांनी सांगितलं. आणि त्या पठ्ठ्यानं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हणाला, "नाय."

मला वाटलं त्याला नीट समजलं नाही. पण त्याला सगळं समजलं होतं. एका श्वासाला दोन शब्द, असं करत तो म्हणाला, "तायचं लगीन मोडलंय हिच्यापायी. तिचं पोट फाडलंय. मी शेंगा खायला गेलो आन् तिची चीज घालवू? गोळी बंद नाय करायची. जे व्हायचं ते होऊंदे."

मी आयुष्यात पुष्कळ वेळा चिडले आहे. वर्गात चिडले, नवऱ्यावर चिडले (हो, पुढं झालं लग्न, आणि त्यानं व्रण बघून विचारलं एवढंच, की पावसाळ्यात दुखतो का), सरपंचावर चिडले. पण त्या वॉर्डात मी जशी चिडले तशी आधी नाही आणि नंतर नाही. मी कॉटचा कठडा दोन्ही हातांनी धरून ओरडले, "माझी, माझी काय करतोस रं सारखा? दिली ती दिली! दिलेल्या लेकीवर माहेरचा हक्क असतो का? आणि ती नांदंल न नांदंल ते नंतरचं. पण घरच पडलं तर ती नांदायची कुठं? उकिरड्यावर?"

वॉर्डातली माणसं उठून बसली. एक नर्स मला बाहेर काढायला आली, पण डॉक्टरांनी तिला हातानं थांबवलं. घर पडलं तर ती नांदायची कुठं, हे भावाच्या मेकॅनिकच्या डोक्यात बहुतेक बरोबर बसलं. इंजिन वाचवायचं म्हणून गाडीची चेसीच जळू द्यायची नसते. त्यानं मास्क पुन्हा तोंडावर ओढला आणि मान हलवली. पिवळी गोळी बंद झाली.

त्यानंतरचे दिवस मी त्याच्या कॉटखालच्या बाटलीकडं बघत काढले. नळी लावली होती आणि लघवी त्या बाटलीत उतरायची. मला खरं तर त्याच्या छातीकडं बघायला हवं होतं, पण छातीतलं मला दिसत नव्हतं आणि बाटलीतलं दिसत होतं. आधी बाटली भरायची. मग अर्धी व्हायला लागली. मग एक दिवस तळाशी घोटभर चहाएवढा थर. आमचा रोजचा प्रश्न माझ्या जिभेवर यायचा आणि मी तो गिळायचे. विचारला आणि उत्तर आलं नाही तर मी काय करणार होते? आयुष्यात पहिल्यांदा माझी बोलायची हिंमत झाली नाही, आणि मला भीती वाटत होती, इतकी की नळाचं पाणी वाजलं तरी मी दचकायचे.

मामी आली नाही. तिनं शेटबरोबर एका पुडीत बायांचा अंगारा तेवढा पाठवला. निरोप काही नव्हता. जिच्या तोंडी आयुष्यभर निरोपच निरोप, तिनं आता बोलणंच टाकलं होतं.

औषध आलं की नाही? आलं, कुठून तरी थोडं आलं आणि डॉक्टरांनी ते दिलं. त्यानं गुण आला, की घर जागं झालं म्हणून, की अंगाऱ्यानं, ते मी ठरवणारी कोण? डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. मला एवढं कळलं की एका सकाळी तो एक अख्खं वाक्य एका दमात बोलला. वाक्य होतं, "ह्यांच्या पंख्याचं बेरिंग गेलंय." मी हसायला लागले आणि मला हसू आवरेना. फोड सुकून खपल्या धरल्या, छातीच्या फोटोत काळं दिसायला लागलं, आणि काळं असणं चांगलं असतं हे मला आता ठाऊक झालं होतं. पण बाटलीचं काही खरं नव्हतं. डॉक्टरांनी पिवळी गोळी पुन्हा सुरू केली, आधी अर्धी, मग पूर्ण, आणि आम्ही वाट बघत बसलो.

एका दुपारी मी त्याच्या उशाशी बसून मोसंबं सोलत होते. तो छताकडं बघत म्हणाला, "ताय, इचार की."

"काय इचारू?"

"रोजचं."

मी मोसंब्याची पुढची फोड सोलायला घेतली. मग तोच म्हणाला, "नको इचारू. खाली बघ."

मी वाकून बघितलं. बाटली गळ्यापर्यंत आली होती. मी अशी किंचाळले की दोन वॉर्डबॉय पळत आले, त्यांना वाटलं पेशंट गेला. मी ती बाटली उचलून त्यांना दाखवत होते, नर्सला दाखवत होते, शेजारच्या कॉटवरच्या आजोबांना दाखवत होते. आजोबा म्हणाले, "बाई, मी बघितली, आता खाली ठेवा." इतक्या आनंदानं मी मुताकडं कधी बघेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या मुस्काटात दिली असती.

भाऊ घरी आला. शेटच्या अॅम्बॅसेडरचा तिसरा सिलेंडर त्यानं खुर्चीत बसून, दुसऱ्याच्या हातांनी दुरुस्त करून घेतला. आमची रोजची आरोळी पुन्हा सुरू झाली. सगळं पूर्वीसारखं झालं, एक मामी सोडून. ती आमच्याकडं येईना आणि आम्हाला बोलवीना. मी गेले तर चहा द्यायची, भावाची तब्येत विचारायची, पण मान वर करायची नाही. मी तिला म्हटलं, मामी, तुझी काय चूक, तू तर निरोप धाडला होतास. ती म्हणाली, "धाडला व्हता. अर्धा." आणि भांडी घासायला गेली. मी तिच्यावरही ओरडून बघितलं, पण त्या बाबतीत माझ्या ओरडण्याला ती दाद देईना.

वर्ष फिरून माघ आला. दूधवाला दारात थांबला आणि ओठ दाबून हसत म्हणाला, "मामीचा निरोप हाय. मला तीनदा म्हनून दाखवायला लावला. शेंगा तोडायला यंदा गडी लावल्यात. बाई एक नाय. नात खेळतीया, घरातली सगळी माणसं खडखडीत हायत. पोपटी लावलीय. तुमी दोघं या."

आम्ही गेलो, शेटच्या गाडीतून आणि या खेपेला पुढच्या दारानं. मामीच्या वालात खरोखरच चार बाप्ये वाकून शेंगा तोडत होते आणि आपसांत कुरकुरत होते, कारण हे काम त्यांच्यातल्या कुणा बाप्यानं कधी केलं नव्हतं. गावात मामीची यथेच्छ थट्टा झाली होती. तिला त्याचं काही नव्हतं. ऊन उतरत होतं, मडक्याभोवती पेंढा जळून गेला होता आणि तो वास सगळ्या शेतभर पसरला होता. मामीनं भावापुढं पानावर शेंगा ओतल्या. तो खात सुटला. मग तांब्याभर पाणी प्यायला, मग आणखी एक. मामी नुसती त्याच्या घशाकडं बघत होती. मी बघत होते मामीकडं.

थोड्या वेळानं तो उठला आणि बांधापलीकडं करवंदीच्या जाळीआड गेला. मी सवयीनं तोंड उघडलं. पण माझ्या आधी मामी उभी राहिली होती. वर्षभर खाली असलेली मान वर झाली, आणि गड्यांसमोर, घरच्या सुनेसमोर, चांगलं पळसदरीच्या धरणापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं विचारलं, "नांदतीय का रं माझ्या राजा?"

जाळीआडून लगेच उत्तर आलं, "नांदतीय गं मामी! पन तुझ्या गड्यांनी शेंगा समद्या निबार तोडल्यात, फुडल्या साली बायाच लाव!"